नाव बदललेलं नाही

मी गाव सोडलं त्या दिवशी तुम्ही सगळे फाट्यावर आला होतात. ज्वारीची काढणी होऊन गेली होती, रान उघडं पडलं होतं आणि वाऱ्याबरोबर धूळ उडत होती. दत्तूमामा खारघरहून त्याच्या साहेबांची पांढरी गाडी घेऊन आला होता. काळ्या काचांना नाक लावून पोरं आत बघत होती. मामानं माझी बॅग डिकीत ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "रेश्मा आता नर्स होऊनच गावात पाय ठेवणार."

हायस्कूलच्या सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. शेजारच्या काकूंनी कानशिलावर बोटं मोडली. आईनं कडक भाकरीचा डबा आणि शेंगाचटणी दिली. माझे वडील, अण्णा, दूध डेअरीत कामाला होते, ते छातीत कळ येऊन गेले त्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता, आणि आई अजून कुणाशी दोन वाक्यांच्या वर बोलत नसे. "मामा बापाच्या जागी आहे. त्याचा शब्द मोडू नकोस," एवढंच ती म्हणाली. गाडी सुटली तेव्हा मी मागच्या काचेतून हात हलवत राहिले. काळ्या काचेतून तुम्हाला तो दिसला नसेल.

हे मी तुम्हालाच लिहितेय, फाट्यावर आलेल्या सगळ्यांना. मामाचं ते वाक्य तुम्ही कानांनी ऐकलं होतं, आणि पुढं त्याचं काय झालं हे तुमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. माझ्यासारख्या ज्या कुणाच्या तरी गाडीत बसून निघाल्या, त्यांनाही लिहितेय. गोड लिहायला मला जमणार नाही. गाव सोडलेली माणसं गावाबद्दल लिहायला लागली की त्यांचा गळा दाटून येतो. मलाही गाव आठवतं, नाही असं नाही. उन्हाळ्यात मातीला पडणाऱ्या भेगा, डेअरीच्या कॅनचा आवाज, आईच्या हाताला येणारा तव्याचा वास. पण त्याच्याही आधी मला माणसं आठवतात, आणि कोण काय बोललं ते.

बोली अशी झाली होती. मामा ज्या बिल्डर साहेबांकडे कामाला होता त्यांचे वडील लकव्यानं अंथरुणाला खिळले होते. त्यांची देखभाल करायची, घरातच राहायचं, आणि जूनमध्ये साहेबांच्या बायकोनं, देवयानी मॅडमनं, मला खारघरच्याच एखाद्या नर्सिंग कॉलेजात घालायचं. मॅडम शिकलेल्या होत्या. पालकांनी मुलांशी कसं वागावं यावर त्या शाळाशाळांतून व्याख्यानं द्यायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला दोन ड्रेस घेतले, कॉलेजसाठी लागतील म्हणून माझ्या मार्कशीट मागून घेतल्या, आणि गळ्यात हात टाकून फोटो काढला. तो फोटो मामानं गावाकडं पाठवला. तुम्ही सगळ्यांनी तो पाहिला हे मला नंतर कळलं.

जून आला आणि गेला. मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू, आत्ता आबांना कोण बघणार. आबा म्हणजे ते अंथरुणातले सासरे. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझा मोबाइल काढून घेतला. मुलींचं लक्ष भरकटतं म्हणे. त्यानंतर घरातून बाहेर पडताना त्या बाहेरून कुलूप लावायला लागल्या. आबांचं करून मग धुणं, भांडी, स्वयंपाक, दोन बाथरूम, सगळं माझ्याकडं आलं. आधीच्या दोन्ही कामवाल्या काढून टाकल्या. मी ड्राय बाल्कनीत झोपायचे, वॉशिंग मशिनच्या कडेला, कबुतरांसाठी लावलेल्या जाळीच्या आत. जाळीतून समोरचा डोंगर दिसायचा, आणि खाली, खूप खाली, कॉलेजला जाणाऱ्या मुली दिसायच्या. माझ्याच वयाच्या, पाठीला सॅक. एवढ्या उंचावरून हाक मारली तर ती कुठंच पोचत नाही. मी मारून पाहिली होती.

आईचा फोन मॅडमच्या मोबाइलवर यायचा. मॅडम स्पीकर लावून शेजारी बसायच्या. मी म्हणायचे, बरी आहे, जेवले, कॉलेज पुढच्या वर्षी. आई म्हणायची, मॅडमच्या पाया पडत जा.

मार कधी सुरू झाला ते सांगता येणार नाही. आधी चिमटे, मग चप्पल. वर्तन सुधारण्यासाठी, असं त्या म्हणायच्या, आणि त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. एकदा त्यांचं पनवेलला व्याख्यान होतं आणि त्यांच्या ओढणीला इस्त्री करताना आबांनी खोलीतून घसा खरवडला म्हणून मी मान वळवली. ओढणीला तपकिरी डाग पडला. मॅडमनं माझ्या हातातून इस्त्री घेतली, माझं मनगट धरलं आणि ती माझ्या हातावर टेकवली. "आता लक्षात राहील," त्या म्हणाल्या. मग दुसरी ओढणी घेऊन, बाहेरून कुलूप लावून, मुलांना प्रेमानं कसं वाढवावं हे सांगायला गेल्या.

लक्षात राहिलं, मॅडम. तुमचा शब्द मी पाळला.

मी सुटले ती कुणाच्या दयेनं नाही, सोसायटीतल्या मॉक ड्रिलमुळं. दुसरा उन्हाळा होता. आग लागली तर काय करायचं याची तालीम म्हणून भोंगा वाजला आणि सगळ्यांनी जिन्यानं खाली उतरायचं होतं. मॅडम आणि साहेब बाहेर होते. मला ती तालीम आहे हे माहीत नव्हतं. मला वाटलं खरंच आग लागली. मी दारावर धडका मारल्या, मग आबांना चादरीवरून ओढत दारापर्यंत आणलं. ते बोलू शकत नसत, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात बाहेरून एका बाईचा आवाज आला.

"कोन हाय आत?"

मी सांगितलं, मी आणि आजोबा, दार बाहेरून बंद आहे.

"बाहेरून? कोनी लावलं?"

ती भारतीताई. शिरवण्याची, तिथल्या मूळ गावकऱ्यांतली, आमच्या टॉवरला लेडी सिक्युरिटी गार्ड होती. मजल्यामजल्यावर कुणी राहिलं का ते बघायचं तिचं काम. तिनं सेक्रेटरीला बोलावलं. सेक्रेटरी म्हणाले की तो त्यांच्या घरातला मामला आहे, मॅडम आल्या की बघू. भारतीताई तिथून हलली नाही. दाराला पाठ लावून बसून राहिली, फोनवरून महिला हेल्पलाइनला कळवलं, आणि पोलीस येईपर्यंत दाराच्या फटीतून माझ्याशी बोलत राहिली. नाव काय, गाव कुठलं, जेवलीस का. कुलूप तोडलं तेव्हा तिनं आधी माझा हात पाहिला आणि मग सेक्रेटरीकडं पाहिलं. तिची नोकरी त्याच महिन्यात गेली. त्या सेक्रेटरींचं नाव मी विसरलेले नाही, पण ते या हिशेबात लहान आहेत.

पोलीस ठाण्यात मामाला बोलावलं. मी त्याला पाहून रडायला लागले, वाटलं आता हा मला घरी नेईल. तो पोलिसांना म्हणाला, पोरगी पहिल्यापासून हट्टी आहे, मॅडम देवमाणूस आहेत. साहेबांनी त्याला नुकतंच ड्रायव्हरचा साइट सुपरवायझर केलं होतं. माझ्या बदल्यात त्याला काय मिळालं, ते मला तिथं बाकावर बसल्याबसल्या कळलं.

मला घरी कुणी नेलं नाही. आईनं फोनवर मामाचं ऐकलं आणि म्हणाली, "लोकांत बोभाटा करू नकोस, गुमान बस." मग मला मेधाताई घेऊन गेल्या. त्यांची संस्था होती, आणि त्या संस्थेनं शिरवण्यात जुन्या गावातलं एक दुमजली घर भाड्यानं घेतलं होतं. अत्याचारातून सुटलेल्या बायका तिथं राहायच्या. घराला पाटी नव्हती. गल्लीतल्यांना वाटायचं वर्किंग वूमन्स हॉस्टेल आहे.

ते घर ग्रँटवर चालायचं. ग्रँट हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला आणि पुढं तो आम्ही मिठासारखा वापरायचो. ग्रँट आली तर वकील, ग्रँट आली तर शिवणयंत्र, ग्रँट लांबली तर डाळ पातळ. परदेशातला कुठला तरी धर्मादाय ट्रस्ट होता, युद्धातून पळालेल्या, विकल्या गेलेल्या, मार खाल्लेल्या माणसांसाठी तो जगभर मदत द्यायचा. त्यांची माणसं कधीतरी बघायला यायची. आम्ही फरशी पुसून, केस विंचरून बसायचो. मेधाताई आधीच सांगायच्या, ज्यांना बोलायचं नाही त्यांनी बोलू नका. पण आम्हाला कळायचं की कुणीतरी बोलावं लागतं. मी बोलायचे. मला आवडायचं. माझ्या तोंडून मॅडमचं नाव ऐकलं की ती पाहुणी माणसं वही खाली ठेवून माझ्याकडं बघायची.

मग त्यांचा छापील अहवाल आला. त्यात माझी गोष्ट होती. माझं नाव 'सीमा' केलं होतं आणि कंसात लिहिलं होतं, नाव बदलले आहे. ठीक. पण मॅडमचं नाव कुठंच नव्हतं. 'एका उच्चशिक्षित कुटुंबाने' असं होतं. मी मेधाताईंकडं गेले आणि म्हणाले, माझं नाव माझ्या भल्यासाठी बदललंत, तिचं कुणाच्या भल्यासाठी लपवलंत? ताईंनी मला कायद्याचं समजावून सांगितलं. ते बरोबर होतं. तरी मी तो अहवाल फाडला.

त्या घरात माझ्या खोलीत झरीना होती. काबूलची. पुण्यात कॉलेज शिकायला आली होती आणि इथं असतानाच तिकडं राज्य पालटलं, परत जायची सोय उरली नाही. शिष्यवृत्ती संपली. राहायला जागा देतो म्हणून एका माणसानं तिला पनवेलजवळ आणून ठेवलं, आणि मग जागेचं भाडं तो कसं वसूल करत होता ते तिनं मला एकदाच सांगितलं. तिचं हिंदी पुस्तकातलं आणि मराठी पुण्याच्या मेसमधलं होतं. मी रोज मामाला आणि मॅडमला शिव्या घालायचे, त्या ती शांतपणे ऐकून घ्यायची. एक दिवस म्हणाली, "तुझ्याकडे रागवायला माणसं आहेत, त्यांचा पत्ता आहे. माझा राग मी कुठे पाठवू?"

त्या दिवसापासून मी माझा राग जपायला लागले. आधी मला तो आजार वाटायचा. कौन्सेलर मॅडम यायच्या, त्या म्हणायच्या की क्षमा केलीस तर तुलाच हलकं वाटेल. मला हलकं व्हायचं नव्हतं. हलकी वस्तू कुणीही उचलून कुठंही ठेवतं.

त्याच ग्रँटमधून मी नर्सिंग केलं. मार्कशीट पोलिसांनी त्या घरातून आणून दिल्या होत्या. कॉलेजचा पहिला दिवस होता तेव्हा पांढरा कोट घालून मी शिरवण्याच्या गल्लीतून चालत गेले आणि भारतीताई तिच्या ओट्यावर मासे साफ करत बसली होती, ती हात तसेच धरून उभी राहिली. आता मी एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, मेडिकल वॉर्डला. लकव्याचे पेशंट आले की इन्चार्ज सिस्टर मला बोलावतात, मला त्यांची कूस बदलणं चांगलं जमतं. आबांना मी विसरले नाही. ते गेले, असं नंतर ऐकलं. त्यांच्यावर माझा राग नाही. त्या घरात माझ्यासाठी रडलेलं ते एकच माणूस होतं.

कामोठ्यात वन आरके घेतलं भाड्यानं. सोसायटीत सगळे पनवेल, कळंबोलीला कामाला जाणारे. कुणी साताऱ्याचं, कुणी चिपळूणचं. संध्याकाळी खाली मुलं ओरडत असतात, 'ए भाई, आऊट आहे तू'. माझीही भाषा बदलली. आता मी पण 'टेन्शन नको घेऊ' म्हणते, 'शिफ्ट लागलीय' म्हणते. फक्त चिडले की आपल्याकडचं निघतं तोंडातून. झरीनाला कॅनडात आसरा मिळाला. तिकडं बर्फात उभं राहून व्हिडिओ कॉल करते आणि विचारते, केस कुठपर्यंत आली?

केस माझ्या साक्षीला लागली तेव्हा त्या परदेशी ट्रस्टची ग्रँट थांबून बरेच महिने झाले होते. शिरवण्याच्या घराचं भाडं थकत होतं. मेधाताईंचे केस त्या वर्षात पांढरे झाले. आणि नेमक्या त्याच वेळी वाशीच्या एका ट्रस्टचे सल्लागार म्हणवणारे गृहस्थ संस्थेत आले. महिलांसाठी काम करायची इच्छा आहे, ते म्हणाले. भाड्याचं कशाला, आम्ही संस्थेला स्वतःची इमारत देऊ. चहा घेऊन झाल्यावर उठताना म्हणाले की आमच्या एक विश्वस्त बाई आहेत, त्यांच्यावर एक जुनं प्रकरण आहे, गैरसमजातून झालेलं. ते सामंजस्यानं मिटलं तर सगळ्यांनाच काम करायला मोकळं वाटेल.

त्या विश्वस्त बाई कोण, हे सांगायला नकोच. अत्याचारग्रस्त महिलांसाठी मदत देणाऱ्या ट्रस्टवर ती बसली होती.

मेधाताईंनी मला बोलावून हे सांगितलं. म्हणाल्या, "मी तुला काही कर म्हणत नाही. फक्त तुला माहीत असावं."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. या बाईनं मला पोलीस ठाण्यातून उचलून आणलं होतं, माझ्या हाताला मलम लावलं होतं. मी म्हणाले, "ताई, त्यांना नाहीच म्हणायचं असतं तर तुम्ही मला सांगितलंही नसतं." त्यांनी मान खाली घातली. मी चहाला हात न लावता निघाले.

दुसऱ्या दिवशी कामोठ्यात माझ्या दारात मामा उभा होता, आणि त्याच्यामागं आई. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या घरी येत होती, आणि त्याच्याबरोबर येत होती. मी पाणी दिलं. मामा म्हणाला, साहेब मोठ्या मनाचे आहेत, तुला गावात बंगला बांधून देतो म्हणालेत, तू फक्त कोर्टात सांग की इस्त्री चुकून लागली. आई म्हणाली, "झालं गेलं. त्यांनी तुला खाऊ तर घातलं ना." मी आईला एकच विचारलं. फोनवर माझा आवाज ऐकून तुला काहीच कळत नव्हतं का? आई मामाकडं बघायला लागली. मी दार उघडलं आणि ते दोघं जिना उतरून जाईपर्यंत उघडं धरून उभी राहिले.

त्या संध्याकाळी मेधाताईंचा फोन आला. "त्यांना नाही म्हणून कळवलं. तू साक्ष दे," एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

पुढं काय झालं तेही सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की शेवटी सगळं छान झालं. शिरवण्याचं घर सोडावं लागलं. बायकांना सरकारी वसतिगृहात हलवलं, तिथं जायला त्या सगळ्या घाबरत होत्या. सामान टेम्पोत चढवायला मी गेले होते. सविता नावाची बाई होती, कडेवर लहान मुलगी, नवऱ्यानं दात पाडलेले. ती मला म्हणाली, "तुला बदला पाहिजे होता. आम्हाला छप्पर पाहिजे होतं." मी तिची गादी टेम्पोत ठेवली. तिचं खरं होतं. पण छप्पर काढून घेणारी मी नव्हते, ती तीच बाई होती, पुन्हा एकदा. माझ्याकडून तिनं एक घर घेतलं, आता सविताचंही घेतलं. सविताला मी हे बोलले नाही. मनात मात्र ते मॅडमच्या खात्यावर चढवलं.

साक्षीच्या दिवशी मी पांढरी साडी नेसून रडवेली गेले नाही. लाल ड्रेस घातला. मॅडम पाच हातांवर बसली होती, केस पिकलेले, हातात जपमाळ. तिच्या वकिलांनी विचारलं, मॅडमनी तुमच्या वाढदिवसाला केक आणला होता हे खरं ना?

"खरं," मी म्हणाले. "त्या दिवशी पण दाराला बाहेरून कुलूप होतं."

मग वकील म्हणाले, हातावरचा डाग स्वयंपाक करताना पडला असेल. मी बाही वर केली आणि न्यायाधीशांना म्हणाले, बघा. इस्त्रीचं टोक अजून ओळखू येतं, त्रिकोणी. मी हात तसाच धरून मॅडमकडं वळले आणि ती खाली बघेपर्यंत खाली घेतला नाही. भारतीताईची साक्ष माझ्यानंतर झाली. तिला वकिलांनी विचारलं, तुम्हाला कामावरून काढलं म्हणून तुम्ही खोटं बोलताय ना. ती म्हणाली, "मना काढलं ते खरं बोलली म्हनून. खोटं बोलली असती तर आज तिथंच असती."

निकाल लागला. दोषी. शिक्षा झाली, आणि त्याच आठवड्यात वरच्या कोर्टात अपील करून ती जामिनावर घरी गेली. काही जणांनी मला सांत्वनाचे फोन केले, की शेवटी काय उपयोग. उपयोग आहे. तिची व्याख्यानं बंद झाली. ट्रस्टनं तिला काढलं. एका सुट्टीच्या दिवशी मी लोकलनं खारघरला गेले आणि त्या टॉवरच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर बसले. गाडी बाहेर आली. तिनं काच खाली केलेली होती. मला पाहिलं. मी हसले. तिनं काच वर घेतली आणि मी दुसरा चहा मागवला. इतका चांगला चहा मी नवी मुंबईत प्यायले नाही.

साहेबांनी मामाला नोकरीवरून काढलं. तो गावी परतला आणि त्यानं तुम्हाला सांगितलं की भाचीनं घर बुडवलं. त्याच्या थोरल्याच्या हळदीला मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी आले होते. आठवतं ना? व्याह्यांची माणसं मांडवात बसली होती. मी माइक मागितला नाही, आवाज चढवला नाही. बाही वर करून प्रत्येक ओळीपुढून गेले आणि सांगितलं, हे बघा, नवरदेवाच्या बापानं मला नर्स करायला नेलं होतं. तुम्ही जेवणाच्या ताटाकडं बघत होतात. हायस्कूलच्या सरांनी डोळे मिटून घेतले. आईनं मला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि म्हणाली, "नाक कापलंस माझं." लग्न मोडलं नाही. पण व्याही जेवले नाहीत, आणि मामा त्यानंतर पारावर येऊन बसत नाही म्हणे. मी एसटीत बसले तेव्हा कुणी फाट्यावर आलं नाही. मला ते आवडलं.

शिरवण्यात मेधाताईंनी पुन्हा दोन खोल्या घेतल्यात. लहानशी ग्रँट मिळाली, इथल्याच काही डॉक्टरांनी मिळून दिलेली. मी सुट्टीत तिथं जाऊन नव्या मुलींना इंजेक्शनच्या जागी कापूस दाबायला, बीपी बघायला शिकवते. सविता परत आली नाही. ती कुठं आहे ते मी विचारून विचारून थकले.

आणि या दिवाळीनंतर आई आली. एकटी. पनवेलच्या स्टँडवरून रिक्षा करून, पत्ता विचारत. मी दुपारची ड्यूटी करून आले तर ती जिन्यात बसली होती. आत आली, हातपाय धुतले, गॅसवर तवा ठेवला आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "या भाऊबीजेला मी दत्तूला ओवाळलं नाही."

मी पिठाचा डबा काढून तिच्यापुढं ठेवला.

पहिली भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "फोनवर तुझा आवाज ऐकून मला कळत होतं. मी कळू दिलं नाही स्वतःला."

मी तिला माफ केलं का? नाही. तिनं माफी मागितलीही नाही, आणि म्हणूनच ती अजून इथं आहे. आम्ही एकमेकींशी फार बोलत नाही. ती माझी शिफ्ट विचारते, मी तिची बीपीची गोळी काढून देते. रात्री ती माझ्या हाताला खोबरेल लावायला बघते आणि मी लावू देत नाही. तो डाग मऊ झालेला मला चालणार नाही. अपील चालू आहे, तो अजून दाखवावा लागेल.

लोक विचारतात, घर कुठलं तुमचं? पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे, मग काही दिवस शिरवणं सांगायचे. आता कामोठे म्हणते, कारण पत्त्यात तेच येतं. पण खरं विचाराल तर ज्या जागेत मला कुणी विसरून जा म्हणत नाही ते माझं घर, आणि अशी जागा मला एवढ्या वर्षांत आत्ता कुठं मिळायला लागलीय.

पुढच्या महिन्यात अपिलाची तारीख आहे. मॅडमला हजर राहावं लागतं. भारतीताई येणार आहे, मेधाताई येणार आहेत. आईनं परवा भाजी निवडतानिवडता विचारलं, मी येऊ का? मी म्हणाले, ये. फक्त मागं बसायचं नाही. पुढच्या बाकावर बसायचं, माझ्या शेजारी, त्या बाईला नीट दिसशील अशी.